मागच्या सीटवरचा पट्टा

"आज घेतलेली गाडी रात्रीच नेतो घरी," ब्रॉडी म्हणाला. "नंबर तपासलेत मी. इंजिनाचा, बॉडीचा, पाटीवरचा. तिन्ही जुळतात."

नरँडेरा गावाच्या मैदानावरचा जुन्या गाड्यांचा मेळा आटोपत आला होता. रुंद चाकांच्या, दणदणीत आवाजाच्या त्या गाड्या अंधारात ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्या टपांवर दव धरायला लागलं होतं. पत्र्याच्या पिंपात लाकडं पेटवून चार-पाच जण शेकत बसले होते. क्लाइव्ह ओकडेन त्यांच्यात सगळ्यात म्हातारा. चेपलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करण्यात त्याचा जन्म गेला होता. आता त्याचं गॅरेज कर्स्टी चालवायची. ती त्याच्याच हाताखाली शिकली होती.

क्लाइव्हने बिअरची बाटली पायाशी ठेवली. "हे नंबर असतात कुठे, ब्रॉडी?"

"बॉनेटखाली."

"सगळे?"

"सगळे. का हो, काका?"

"आणि मागे काय असतं?"

"मागे काय असणार? सीट. डिकी."

"मग आजची रात्र गाडी इथेच राहू दे," क्लाइव्ह म्हणाला. "उद्या उजेडात जा."

"झालं. आता घाबरवणार आम्हाला," कर्स्टी म्हणाली. "एकदा सांगायला बसले की बिअर गरम होईपर्यंत थांबत नाहीत."

"गरम झाली तर मला दे. मला चालते." क्लाइव्हने खुर्ची पिंपाजवळ ओढली. "रॉस ट्रेगेंझा तुमच्यापैकी कुणाला आठवत नसणार. गेला बिचारा. लोकरीची प्रत ठरवायचा. पन्नास वर्षं ओळखत होतो त्याला. तो काही वाढवून सांगणारा माणूस नव्हता. उलट सांगताना चार गोष्टी गिळायचा. तर त्याने न गिळता जेवढं सांगितलं, तेवढं सांगतो."

*

शनिवार, ११ मे २०१९. दुसऱ्या दिवशी मातृदिन. रॉस सकाळच्या बसने बालरानाल्डला निघाला. काम साधं होतं. जाहिरातीत आपलीच जुनी वाटलेली एक गाडी बघायची आणि पटली तर चालवत घरी आणायची. पिशवीत टॉर्च, काडीला बांधलेला लहान आरसा आणि दोन सँडविच. नंबर लिहून घ्यायची गरज नव्हती. लेकीचा फोन नंबर त्याला कधी पाठ झाला नाही, पण चाळीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचे नंबर तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा.

नारिंगी व्हॅलियंट चार्जर. दोन दारांची, चार गिअरची, तीन कार्बोरेटरची. लग्नाआधी तो आणि ग्लेनिस तिच्यातून ग्रिफिथला उघड्यावरच्या सिनेमाला जायचे. गरम चिप्सचा पुडा बॉनेटवर ठेवायचा आणि त्याला टेकून उभं राहायचं. सिनेमा कुठला होता हे दोघांनाही पुढे आठवायचं नाही. मग लिंडल झाली. दोन दारांच्या गाडीत तान्ह्या पोरीला घेऊन मागे शिरणं म्हणजे ग्लेनिसला रोजची कसरत. शेवटी चार्जर विकली आणि फ्रिजसारखी दिसणारी एक पांढरी गाडी घेतली. तेव्हापासून दर नाताळात जेवणाच्या टेबलावर रॉसचा ठरलेला विनोद असायचा: लिंडल आली आणि चार्जर गेली. लहानपणी लिंडल हसायची. मोठी झाल्यावर हसायची थांबली. हे ग्लेनिसच्या ध्यानात आलं होतं. रॉसच्या ध्यानात ते ग्लेनिस गेल्यावर आलं.

म्हणून ही गाडी हवी होती. रविवारी सकाळी लिंडलला पुढे बसवायचं, तिच्या सहा वर्षांच्या हेझलला मागे. पांढरी शेवंती घेऊन ग्लेनिसच्या कबरीवर जायचं. आणि तो विनोद एकदाचा परत घ्यायचा. कसा, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण गाडीत बसल्यावर सुचेल, असं वाटत होतं.

जाहिरातीवर त्याचा विश्वास नव्हता. त्याचा धंदाच संशयाचा. लोकरीच्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून तो मधली लोकर उपसून बघायचा. गठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना चांगली लोकर भरायची आणि मळकी मधोमध दडवायची, ही लबाडी त्याने शेकडो वेळा पकडली होती. आणि अशा जुन्या गाड्यांत तर नकलीच जास्त. साध्या गाडीला रंग फासायचा, मेलेल्या गाडीची पाटी लावायची, की झाली अस्सल.

विकणारा व्हिन्स नावाचा माणूस होता. चाळिशीचा, गावाबाहेर एकटीच शेड. त्याने घासाघीस केली नाही. चौकशा केल्या नाहीत. रॉसला ते आवडलं नाही.

"बघा की, सावकाश बघा," व्हिन्स म्हणाला. "मला घाई नाही."

"मला आहे असं कुणी सांगितलं?"

"नाही हो. सगळ्यांना असते, म्हणून म्हटलं."

रॉसने बॉनेट उघडलं. इंजिनाचा नंबर जुळला. बॉडीवर ठोकलेला नंबर जुळला. पाटी जुळली. पाटीच्या रिव्हेटांवर जुना मळ होता, कुणी हात लावलेला नव्हता. आरसा घालून त्याने पाटीची मागची बाजूही पाहिली. तरी मन भरेना.

मग तो आत बसला. त्या काळी असल्या गाड्या रातोरात चोरीला जायच्या, म्हणून पोरं गाडीत कुठेतरी आपली खूण लपवून ठेवायची. रॉसची खूण अॅशट्रेच्या मागे होती. सरड्याचं चित्र असलेलं दोन सेंटचं नाणं, डिंकाने घट्ट चिकटवलेलं. ग्लेनिसखेरीज कुणाला माहीत नव्हतं. त्याने अॅशट्रे ओढून काढली आणि पोकळीत बोट घातलं.

नाणं होतं.

बराच वेळ तो तसाच बसून राहिला, बोट आत ठेवून. ही त्याचीच गाडी होती. चाळीस वर्षं ज्याच्या जोरावर पोट भरलं तो संशय त्या एका नाण्याने पुसून टाकला.

निघताना त्याने बालरानाल्डला घेतलेला शेवंतीचा जुडगा मागच्या सीटवर ठेवला. सीटचं कापड कोरं होतं, खालचा गालिचाही कोरा.

"मागे काय केलंस?"

"जुनं फाटलं होतं. बदललं." व्हिन्स गाडीच्या पुढेच उभा होता. तो सगळा वेळ पुढेच उभा होता, हे रॉसला नंतर आठवलं. "काका... मागे कुणी बसणार आहे का?"

"नात बसेल. का?"

व्हिन्सने हात पुसले. पुसलेलेच हात परत पुसले. "काही नाही. पट्टा लावायला सांगा."

*

सूर्य बुडता बुडता तो हमरस्त्याला लागला. बालरानाल्ड सोडलं की ‘हे’ नावाच्या गावापर्यंत नुसतं मैदान. झाड नाही, चढ नाही, वळण नाही. आकाशाच्या कडेला लालसर पट्टी उरली होती, तीही विझली.

गाडीने त्याला ओळखलं असं त्याला वाटलं. दुसरा गिअर पूर्वीसारखाच जरा अडून बसला आणि तळहाताने एक दाब देताच पडला. पाय दाबला की तीनही कार्बोरेटर एकदम श्वास ओढायचे, तो आवाज छातीत घुमायचा. पेट्रोलचा तो जुना वास. रॉस एकटाच हसत होता. ग्लेनिस शेजारी असती तर म्हणाली असती, जरा हळू, माझे केस.

खट.

मागे काहीतरी वाजलं. अॅशट्रे नीट बसली नसेल. त्याने हाताने चाचपली. बसली होती.

थोड्या वेळाने पाठीला काहीतरी लागलं. हलकंच. सीटच्या मागून. सीटचे नट ढिले असतील, असं तो मनाशी म्हणाला. पुन्हा लागलं. रस्ता गुळगुळीत होता. पुन्हा. एकदा डाव्या बाजूला, एकदा उजव्या. डावी, उजवी, डावी. ढिल्या नटाचा धक्का असा येत नाही. ज्यांच्या गाडीत लहान मूल बसलेलं आहे त्यांना तो धक्का सांगावा लागत नाही. मूल कंटाळलं की पुढच्या सीटला पाय मारत राहतं.

रॉसने गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवून उतरला. टॉर्च घेऊन सीट पुढे ढकलली.

मागे कुणी नव्हतं. शेवंती होती. आणि शेवंतीवरून पट्टा लावलेला होता.

हे मीच केलं असेल, असं त्याला वाटलं. फुलं घरंगळू नयेत म्हणून. वय झालंय, लक्षात राहत नाही. मग व्हिन्सचा संशय आला. त्याने डिकी उघडून पाहिली. सुटं चाक, जॅक, बाकी काही नाही. गाडीखाली उजेड मारला. मग सभोवार. दोन्हीकडे क्षितिजापर्यंत एकही दिवा नव्हता. त्याने पट्टा सोडला. बटण दाबताच सुटला. फुलं त्याने पुढे शेजारच्या सीटवर घेतली आणि तो निघाला.

‘हे’ गाव येण्याआधीच पाय पुन्हा सुरू झाले.

डावी. उजवी. डावी.

रॉसने स्टीअरिंग घट्ट धरलं. लिंडल लहान असताना ग्लेनिस जे म्हणायची, ते त्याच्या तोंडून आपोआप निघालं.

"पाय खाली."

थांबले.

...त्या गोष्टीने तो खरा घाबरला. पाय आपटत होते तोवर नट होते, रस्ता होता, म्हातारपण होतं. पण ते थांबले. सांगितल्यावर थांबले.

‘हे’ गावाच्या पेट्रोल पंपावर दिवे होते, ट्रकवाले होते, कॉफी होती. तो थांबला नाही. गाव संपलं. पुन्हा अंधार.

खट.

त्याने मागे पाहिलं नाही. आरशातही नाही. नरँडेरापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मागूनही काही आलं नाही. फक्त... कुणीतरी शहाण्यासारखं बसलेलं असतं, तेव्हा गाडीत असते तशी शांतता.

घरी पोचल्यावर गाडी शेडमध्ये लावून त्याने टॉर्च मागे मारला. पट्टा लागलेला होता. रिकाम्या सीटवर लागलेला पट्टा ढिला पडायला हवा. हा पडला नव्हता. सीटपासून वीतभर वर, ताणलेला, वाकलेला. एखाद्या लहान पोटाभोवती असावा तसा.

*

"म्हणजे अधांतरी?" ब्रॉडीने विचारलं.

"मी नव्हतो तिथे," क्लाइव्ह म्हणाला. "तो म्हणाला ते सांगतोय."

कुणीतरी पिंपात लाकूड टाकलं. ठिणग्या वर गेल्या आणि विझल्या.

*

सकाळी लिंडल आली. हेझलने केसांना नारिंगी रिबीन बांधली होती. गाडीला शोभेल म्हणून.

रॉस शेडच्या दारात उभा होता. रात्रभर झोपला नव्हता. "तुझ्याच गाडीने जाऊ," तो म्हणाला.

"का? बिघडली?"

"नाही."

"मग?"

"मागचा पट्टा... बरोबर नाही."

लिंडलने सीट पुढे ढकलून वाकून पाहिलं. उजेडात पट्टा साध्या पट्ट्यासारखा सीटवर पडला होता. फक्त लागलेला होता. तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. "अडकलाय. तेल घाल थोडं. चल हेझल, तू दुसऱ्या बाजूला बस."

"नको," रॉस म्हणाला.

"बाबा, दुसरा पट्टा चांगला आहे."

"मागे बसवायचं नाही तिला."

लिंडल सरळ झाली. तिचा आवाज चढला नाही. "चाळीस वर्षं ऐकलं मी. लिंडल आली, चार्जर गेली. आता चार्जर आली तर माझी पोर तिच्यात चालत नाही. तुला ही गाडी एकट्यालाच हवी होती ना? मग तसं सांग. फोन करून बोलवायचं कशाला? रिबीन बांधून बसलीये ती सकाळपासून."

रॉसने पायांचं सांगितलं असतं तर लेकीने त्याला थेट डॉक्टरकडे नेलं असतं. आणि ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. एका क्षणी त्याला वाटलं, बसू दे. दोन मैलांचा तर रस्ता. त्याने हेझलचा हात धरला, दार उघडलं. तिने एक पाय आत ठेवला.

तेवढ्यात त्याची नजर मागच्या कोऱ्या गालिच्यावर गेली. पुढे सगळं जुनं, मळलेलं, खरं. मागे सगळं कोरं. नंबर पुढे. नाणं पुढे. काल त्याने जे जे तपासलं ते सगळं पुढे. मधोमध हात घातला होता कुठे?

"थांब," तो हेझलला म्हणाला, "बाहेर ये, राणी."

त्याने सीटची गादी उचकटली. पट्टा तसाच लागलेला. गालिच्याखाली कोपरापर्यंत हात घातला आणि लोकर चाचपावी तशी बोटं फिरवली. एक गाठ लागली. गाठीच्या पुढे गाठ. गाडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

*

"मग मला फोन आला," क्लाइव्ह म्हणाला. "शेजारचंच घर. हातातला चहा तसाच ठेवून गेलो."

रॉसने गालिचा फाडून काढला होता. पुढची अर्धी गाडी रॉसची. मागची अर्धी दुसऱ्या कुठल्या तरी चार्जरची. मधून कापून एकीला एक जोडलेली. जोडही धड नाही, वरवर टाके घातल्यासारखे वेल्डिंगचे डाग, त्यावर पुट्टी, त्यावर काळा रंग. डाव्या बाजूला वेल्डिंग इतकं तडकलं होतं की फटीतून शेडची फरशी दिसत होती. रॉसने ती गाडी अख्खं मैदान ओलांडून आणली होती. पण मागे आणखी वजन पडलं असतं आणि एक खड्डा लागला असता...

"लिंडल काही बोलली?" कर्स्टीने विचारलं.

"काही नाही. हेझलला उचलून कडेवर घेतलं. सहा वर्षांची पोर, कडेवर घ्यायचं वय नव्हतं. मग म्हाताऱ्याचा हात धरला. तसे तिघं तिच्या गाडीने शेवंती घेऊन गेले. त्या नाताळात तो विनोद कुणी केला नाही. मी होतो टेबलावर."

"आणि व्हिन्स?"

"शेड रिकामी. फोन बंद. पोलिसांनी विचारपूस केली, पण मागच्या अर्ध्यावर कसलाच नंबर नाही. कुठली गाडी, पुढचा भाग कसा गेला, मागे कोण होतं... काही कळलं नाही. कळावं असं रॉसला फारसं वाटतही नव्हतं. त्याने मला मागचा भाग कापून टाकायला सांगितलं. मी कापला. शेवटचा पत्रा सुटला तेव्हा पट्ट्याचं बटण मी एका बोटाने दाबलं. लगेच सुटला."

ब्रॉडी हसला, जरा मोठ्याने. "म्हणजे भूत पोरीला वाचवत होतं, असंच ना?"

"तसं लिंडल म्हणते."

"आणि तुम्ही?"

क्लाइव्ह पिंपाकडे बघत होता. "रॉसला ते कधी पटलं नाही. तो म्हणायचा, वाचवायचं असतं तर रस्त्यावर मला अडवलं असतं. ते निवांत बसलं होतं. घरी चाललो आहोत असं समजून. आणि सकाळी दुसरं मूल आलं तेव्हा... जागा सोडली नाही, एवढंच." तो थांबला. "मला माहीत नाही. मी पत्र्याचा माणूस."

ब्रॉडीने गाडीची किल्ली खिशातून काढली, पाहिली, आणि परत ठेवली.

"त्या पट्ट्याचं काय केलंत?" त्याने विचारलं.

"टाकवेना. तो पत्र्यासकट भंगारात द्यायला मन होईना. माझ्या शेडमध्ये आहे. मागच्या भिंतीवर, खिळ्याला."

कर्स्टीने मान वर केली. "दोन्ही तुकडे एकाच खिळ्याला? काळा पट्टा?"

"तोच."

"तो लावलेला होता. बुधवारी पाना शोधताना मध्ये मध्ये येत होता, म्हणून मी सोडला आणि तुकडे दोन खिळ्यांना वेगवेगळे टांगले." ती हसायला गेली. "तुम्हीच लावून ठेवला होता ना?"

क्लाइव्हने बाटली उचलली, ओठाला लावली नाही, परत खाली ठेवली.

"काका?"

"आज सकाळी शेडमध्ये गेलो होतो," तो म्हणाला. "खुर्च्या आणायला."

"मग?"

"एकाच खिळ्याला होता." त्याने दोन्ही हातांचे पंजे समोर धरले, मध्ये जेवणाच्या ताटाएवढी जागा सोडून. "लागलेला. एवढाच."